शेवट सांगायचा नाही हं!

पुण्याला एखाद्या चर्चासत्राला गेलो आणि ओळख करून देताना 'मी रत्नागिरीचा' असे म्हटले, की समोरचा सद्गृहस्थ दोनांपैकी एक गोष्ट हमखास करतो. मे महिना जवळ असेल तर हापूसचा भाव विचारतो, नसेल तर डोळे मिचकावून म्हणतो, "रत्नागिरीचे म्हणजे आतले की बाहेरचे?" मनोरुग्णालय ठाण्याला आहे, येरवड्याला आहे, नागपूरलाही आहे. पण १८८६ सालापासून ते आमच्याही गावात असल्यामुळे कोकणात कोणी जरा तिरके बोलले की 'ह्याला रत्नागिरीला पाठवायला हवे' असे म्हणण्याची रीतच पडून गेली आहे. टिळकांचा जन्म येथला, ब्रह्मदेशच्या थिबा राजाने आपली कैद काढली ती येथे, १८२८ साली निघालेले नगर वाचनालय येथे. पण विनोद व्हायचा तो त्या एका इमारतीवरूनच. आम्हांला त्याची सवय झाली आहे. आम्हीही हसतो.

आज हे आठवायला एक इंग्रजी पुस्तक कारण झाले. पुण्यात नोकरी करणारी माझी एक माजी विद्यार्थिनी मागच्या गणपतीला घरी आली होती. 'द सायलेंट पेशंट' नावाची कादंबरी तिने माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "सर, एका रात्रीत संपतं. पण शेवट कुणाला सांगायचा नाही हं!"

मी मराठीचा मास्तर. एका रात्रीत संपणाऱ्या पुस्तकांविषयी आमच्या धंद्यात जरा संशयच असतो. तरी रात्री दहाला उघडले, अकराला नेहमीप्रमाणे वीज गेली, आणि पुढचे सगळे मी मोबाईलच्या उजेडात वाचून पहाटे तीनला मिटले. गोष्ट थोडक्यात अशी. अलिशिया नावाची एक नामांकित चित्रकार बाई आपल्या नवऱ्याच्या तोंडावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाही. सहा वर्षे! लंडनमधल्या एका बंदिस्त मनोरुग्णालयात तिला ठेवलेले आहे. तिला बोलते करीनच, अशा जिद्दीने थिओ फेबर नावाचा मानसोपचारक तेथे नोकरी धरतो, आणि सारी हकीकत आपल्याला सांगतो तो हाच. अधूनमधून बाईची रोजनिशी येते. तिने स्वतःचे एक चित्र काढून त्याला 'अल्केस्टिस' असे नाव दिलेले असते. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातली ही पतिव्रता. नवऱ्यासाठी प्राण देते, मरणाच्या दारातून परत आणली जाते, पण परत आल्यावर बोलत नाही. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. शब्द दिला आहे.

लेखक अलेक्स मायकेलिडीस हा सायप्रसचा. पुस्तक २०१९ साली निघाले, ही त्याची पहिलीच कादंबरी, आणि निघताच ती जगभर खपली. खपली तशी भांडणेही तिने भरपूर लावली. कोणी म्हणाले, असा धक्का आयुष्यात बसला नव्हता. कोणी म्हणाले, असा उपचारक आणि असे रुग्णालय भूतलावर नसते. हे मला ठाऊक नव्हते. पण माझ्या एका प्रतीने आमच्या आळीत जे भांडण लावले, त्यावरून जगाची कल्पना आली.

पहिला बळी आमची मंडळी. त्या दोन दिवसांत आमच्याकडे भात दोनदा करपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक मिटून तिने निकाल दिला, "फसवलंन हो मेल्यानं!" पण चेहरा असा, की पुन्हा फसायला ही आत्ता तयार होईल. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पुस्तक घेऊन गेले ते अर्ध्या तासात परत आले. त्यांनी नियमाप्रमाणे शेवटचे प्रकरण आधी वाचले होते, आणि आता मागचे वाचण्यात काय हशील, असा त्यांचा सवाल होता. कॉलेजातल्या इंग्रजीच्या सहकाऱ्याला युरिपिडीस तेवढा पसंत पडला. बाकीचे रेल्वे-स्टेशनवरचे वाङ्मय. एक तरुण प्राध्यापिका तर चिडलीच. तिचे म्हणणे, कालक्रम लपवून वाचकाला चकवणे ही कला नव्हे, खिसेकापूपणा आहे. विद्यार्थ्यांचे निराळेच. त्यांनी 'डिअर जिंदगी' हा २०१६ सालचा चित्रपट पाहिलेला. त्यात शाहरुख खान गोव्याच्या किनाऱ्यावर रुग्ण मुलीला फिरवीत फिरवीत बरे करतो. तसा डॉक्टर असेल तर आम्हीही आजारी पडू, असे एकीने मला वर्गाबाहेर सांगितले.

सगळ्यांत शांतपणे वाचले ते आमच्या आळीतल्या सिस्टरांनी. मनोरुग्णांच्या वॉर्डात जन्म काढून त्या निवृत्त झाल्या आहेत. शब्दकोश जवळ ठेवून त्यांनी तीन आठवडे पुस्तक वाचले आणि परत देताना म्हणाल्या, "सर, ह्या माणसाला ड्यूटी नाही का हो? कधी बघावं तर पेशंटच्या नातेवाइकांची दारं ठोठावीत हिंडतोय. आमच्याकडे मेमो मिळाला असता."

मी विचारले, "आणि ती न बोलणारी बाई?"

"न बोलणारी माणसं पुष्कळ बघितली. त्यांच्या तोंडाकडे नाही बघायचं, ताटाकडे बघायचं. किती टाकलं, काय टाकलं. आमटी संपवायला लागला की समजायचं, माणूस परत येतोय."

पाच गोळ्या आणि ग्रीक नाटक मी दोन मिनिटे विसरलो.

येथवर सगळी गंमत होती. पण त्याच सुमारास पावसकडच्या माझ्या मावसभावाचे प्रकरण उभे राहिले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, दापोलीला शेतीची पदवी घेतलेला, वडिलोपार्जित कलमांची बाग सांभाळणारा. लागोपाठ दोन हंगाम फुलकिडीने मोहोर खाल्ला, बँकेचे कर्ज थकले, आणि हा माणूस हळूहळू ओटीवर बसून राहिला. बागेत जाणे बंद. झोप नाही. बोलत नव्हता असे नाही. 'हो', 'नको' आणि 'बघू' एवढे तीन शब्द शिल्लक होते. वहिनीने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, दोनदा कौल लावला. कौल उजवा मिळाला. झोप काही मिळाली नाही. शेवटी मी सिस्टरांना विचारून रत्नागिरीतल्याच एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ ठरवली. ठरल्या दिवशी मी दारात उभा. दादा-वहिनी आलीच नाहीत.

कारण संध्याकाळी फोनवर कळले. पुतणी शिकायला आमच्याच घरी असते. तिने कपाटातले पुस्तक वाचले आणि मोठ्या रंगात सगळी गोष्ट, शेवटासकट, आईला सांगितली. वहिनी मला म्हणाली, "भावजी, घरातलं सगळं त्या परक्या माणसाला सांगायचं, आणि मग त्यानं काय करावं त्याचा नेम काय? तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना?"

तुमच्याच पुस्तकात! त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याला रहस्यकथा कारण नव्हती.

तेव्हा सुचलेली एक गोष्ट वाचकांना सांगतो. रहस्यकथेत औषधातून विष घालणारे डॉक्टर काय थोडे झाले? पण तसली गोष्ट वाचून कोणी खोकल्याचे औषध घ्यायचे थांबले, असे मी ऐकले नाही. कारण आपला नेहमीचा डॉक्टर आपल्या ओळखीचा असतो. त्याची खोली, त्याचा कंपाउंडर, 'जीभ दाखवा' म्हणण्याची त्याची ढब, सगळे माहीत असते. म्हणून गोष्टीतला दुष्ट डॉक्टर आपल्याला अपवाद वाटतो. मनाच्या डॉक्टराचे तसे नाही. तो कोठे बसतो, काय विचारतो, किती वेळ ऐकतो, ह्याचे चित्रच आपल्या घरांत नाही. अशा कोऱ्या भिंतीवर टांगलेले पहिले चित्र थिओ फेबरचे असले, म्हणजे तोच नियम होऊन बसतो. मायकेलिडीसने स्वतः मानसोपचाराचा अभ्यास केलेला आहे, काही काळ तरुणांच्या एका बंदिस्त मनोरुग्णालयात कामही केले आहे. म्हणजे उपचारकाने काय करू नये ते त्याला पक्के ठाऊक; ते जाणूनबुजून मोडण्यात त्याच्या गोष्टीची सारी मौज आहे. सिस्टरांना नियम माहीत होता, म्हणून त्यांना मोडणारा दिसला. वहिनीला दिसला तो नुसता डॉक्टर.

ह्यात आमच्या साहित्याचाही वाटा असावा. वेड मराठीत कमी नाही. दळवींचे १९७७ सालचे 'बॅरिस्टर' घ्या. दळवी आरवलीचे, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच जिल्ह्यातले. घराण्यातून उतरणाऱ्या वेडाचे भय असे, की प्रयोग पाहून माणूस आपल्या आजोबांची चौकशी करू लागावा. पण वेडावर रोज हजेरी लावून काम करणारे माणूस आमच्या वाचकाला कथा-नाटकांत फारसे भेटले नाही. भेटले ते अनिल अवचटांच्या लेखांतून. त्यांची पत्नी सुनंदा, म्हणजे डॉ. अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होती. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ साली तिने व्यसनी माणसांसाठी 'मुक्तांगण' उभे केले. ते लेख वहिनीने वाचले असते तर भिंतीवर निराळे चित्र लागले असते. तो अंक माझ्याच कपाटात होता, आणि मी तिला कधी दिला नव्हता, हेही लिहिले पाहिजे.

रविवारी पावसला गेलो. वहिनीला कायदा समजावला. २०१७ साली नवा कायदा झाला, २०१८ च्या मे महिन्यात तो लागू झाला. रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवणे हे डॉक्टराचे कर्तव्य म्हणून त्यात लिहिले आहे, वगैरे. तास घ्यावा तसा मी बोलत होतो. वहिनी तांदूळ निवडीत होती. म्हणाली, "कायदा असेल हो. पण तिथे बाकावर कोण कोण बसलेलं असेल? उद्या पोरीचं लग्न व्हायचंय." म्हणजे पुस्तक निम्मे निमित्तच होते. बाकाची भीती त्याच्या आधीपासूनची.

बाकावरचा तोडगा सिस्टरांनी काढला. त्या स्वतः बरोबर आल्या, आणि हळदीकुंकवाला आल्यासारख्या वहिनीच्या शेजारी बसून मिरगुंडांची कृती विचारू लागल्या. समोर आणखी पाचसहा माणसे होती. त्यांतल्या एका बाईंना वहिनी ओळखत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि दोघींनीही मान हलवली.

दादा आत चाळीस मिनिटे होता. परत येताना गाडीत तो आपण होऊन बोलला. पुढचे मी त्याच्याच परवानगीने लिहितो आहे.

"झोप विचारलंन. जेवण विचारलंन. सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी, ते विचारलंन. कलमं किती, तेही. मग सरळ विचारलंन, मरावंसं वाटतं का. जेवलात का विचारावं तसं. मी म्हटलं, हो."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. पावस येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. घरी उतरल्यावर तिने बागेच्या खोलीतल्या फवारणीच्या बाटल्यांना कुलूप घातले आणि किल्ली आपल्या कमरेला खोचली. डॉक्टरांनी आत बोलावून तिलाही काही सांगितले होते, ते मला मागाहून कळले. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी १४४१६ हा आकडा लिहून दिला होता. ही 'टेलिमानस'ची सरकारी फोनसेवा. २०२२ सालापासून सुरू आहे, अपरात्रीही उचलतात आणि मराठीतून बोलतात.

गोळ्या सुरू झाल्यावर दादा लगेच उठून बागेत गेला, असे झाले नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. मध्येच त्याने औषध सोडले; पुन्हा जावे लागले. पुतणी माझ्यापाशी रडली, "काका, मी उगाच सांगितलं." मी तिला म्हटले, गोष्ट आवडली की सांगावीशी वाटतेच. जानेवारीत एकदा सकाळी वहिनीचा फोन आला. दादा मोहोर बघायला गेला होता. सिस्टरांना हे कळवले तेव्हा त्यांनी विचारले, "आणि आमटी?"

मार्चमध्ये दादाच घरी आला. चहा झाल्यावर म्हणाला, "तुझं ते पुस्तक आण बघू. ह्या घरात सगळ्यांनी वाचलं, ज्याच्यावरून रामायण झालं त्यानंच नाही वाचलं."

मी घुटमळलो. मंडळीने आतून डोळे मोठे केले. डॉक्टरांना विचारूनच मग दिले. ते हसले म्हणे, आणि रात्री वाचू नका, एवढेच म्हणाले. तेव्हापासून पुस्तक पावसला आहे. परवा नवरात्रात गेलो होतो तेव्हा ओटीवर पालथे पडलेले दिसले. खुणेला औषधाची चिठ्ठी घातलेली, जेमतेम निम्म्यावर.

"कसं वाटतंय?" मी विचारले.

"बरं आहे," दादा म्हणाला. "पण तुझा हा डॉक्टर स्वतःबद्दलच फार बोलतो रे. आमचा इतका बोलत नाही. एकदा तर जांभई दिलीन."

शेवट मी त्याला सांगितलेला नाही.