जुन्या टायरचा चुरा नव्या रबरात का मिसळतात? आणि किती मिसळला तर चालतो?

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावच्या बाजारात पिकअप आणि ट्रकची रांग लागते. उसाच्या हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे ट्रॅक्टर धावत असतात. पुणे-नाशिक महामार्गावरची वाहतूक तर बाराही महिने सुरू असते. इतकी चाकं फिरतात, म्हणजे तितके टायरही झिजतात.

गोटा झालेल्या काही टायरना रिमोल्ड करून दुसरं आयुष्य मिळतं. काही टायर पत्र्यावर किंवा मुरघासाच्या कागदावर वजन म्हणून ठेवले जातात. पण कधीतरी तेही निकामी होतात. मग एक तर ते जाळले जातात, नाहीतर भंगारात जातात. यातलेच काही टायर गोठ्यातल्या रबर मॅटच्या रूपाने पुन्हा शेतकऱ्याच्या दारात येतात.

हे कसं होतं? आणि जुन्या टायरपासून थेट नवा टायर का बनत नाही?

टायर वितळत का नाही?

प्लास्टिकची बादली वितळवून दुसरी वस्तू करता येते. टायरचं तसं नाही. याचं कारण १८३९ सालच्या एका शोधात आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांच्या लक्षात आलं की, कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवलं की ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडकही होत नाही. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात.

यात रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल तयार होतात. सुटे धागे विणून जाळं व्हावं, तसं हे घडतं. याच जाळ्यामुळे टायर टनांनी वजन पेलतो आणि याच जाळ्यामुळे तो पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे. फार तर तिचा चुरा करता येतो.

चुरा कसा करतात?

टायरमध्ये फक्त रबर नसतं. नैसर्गिक आणि कृत्रिम रबर मिळून साधारण निम्मं वजन भरतं. बाकी कार्बन ब्लॅक, पोलादी तारा, कापडाचे धागे, तेल, झिंक ऑक्साइड आणि गंधक असतं. टायरचा काळा रंग या कार्बन ब्लॅकमुळेच येतो.

आधी टायरचे तुकडे करतात. मग चुंबकाने तारा वेगळ्या काढतात, धागे बाजूला करतात आणि उरलेलं रबर दळतात. दुसऱ्या पद्धतीत द्रवरूप नायट्रोजनने रबर इतकं थंड करतात की ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि मग ते फोडतात. हा चुरा चाळून त्याची मेशनुसार प्रतवारी होते. ४० मेशचा कण साधारण ०.४ मिलिमीटरचा असतो. मेशचा आकडा जितका मोठा, तितका चुरा बारीक. पण बारीक दळायला खर्चही जास्त येतो.

मग हवा तितका चुरा का मिसळत नाहीत?

रबरात मिसळायची भर दोन प्रकारची असते. एक ताकद वाढवणारी आणि दुसरी फक्त आकारमान वाढवून खर्च कमी करणारी. कार्बन ब्लॅक पहिल्या प्रकारात येतं. त्याचे मूळ कण काही दशक नॅनोमीटर इतके सूक्ष्म असतात आणि ते रबराला घट्ट धरून ठेवतात. टायरचा साधा चुरा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचा कण कार्बन ब्लॅकपेक्षा हजारो पट मोठा असतो.

शिवाय हा कण आधीच ‘भाजलेला’ असतो. त्यामुळे नवं रबर त्याच्याभोवती बसतं, पण त्याच्याशी पूर्ण एकजीव होत नाही. ताण आला की त्या सांध्यापासून भेग सुरू होते. आणखी एक अडचण आहे. नव्या मिश्रणातलं थोडं गंधक जुन्या कणांमध्ये झिरपतं. मग नव्या रबराला ते कमी पडतं आणि त्याचं जाळं विरळ राहतं. म्हणून चुरा वापरताना गंधकाचं प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं.

टायर महामार्गावर वेगाने फिरतो आणि तापतो. तिथे छोटी भेगही जिवावर बेतू शकते. त्यामुळे नव्या टायरमध्ये असा चुरा अगदी कमी प्रमाणात वापरतात. मॅट, पायपुसणी, गतिरोधकाच्या पट्ट्या अशा वस्तूंवर तितका ताण येत नाही. तिथे तो भरपूर चालतो. त्याने खर्च वाचतो, साच्यातली हवा बाहेर पडायला मदत होते आणि वस्तू कमी आकसते.

रिक्लेम रबर म्हणजे काय?

चुऱ्याच्या पुढची पायरी म्हणजे रिक्लेम रबर. उष्णता, दाब, रसायनं आणि यंत्राची घुसळण यांनी गंधकाचे काही पूल तोडतात. मग रबर पुन्हा मऊ होतं आणि नव्या मिश्रणात जास्त चांगलं मिसळतं. मात्र यात काही ठिकाणी रबराचे मूळ धागेही तुटतात, त्यामुळे ताकद पूर्वीइतकी राहत नाही. १९७४ साली स्थापन झालेली जीआरपी ही कंपनी असं रबर बनवते आणि तिचा एक प्रकल्प सोलापुरात आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ जुलै २०२२ रोजी टायरसाठी नियम जारी केले. त्यानुसार टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. २०२२-२३ साठी हे प्रमाण २०२०-२१ मध्ये बनवलेल्या किंवा आयात केलेल्या टायरच्या ३५ टक्के होतं. पुढच्या वर्षी ते ७० टक्के आणि २०२४-२५ मध्ये १०० टक्के झालं. दर वेळी हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या टायरचा. कंपन्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रं घेऊन ही जबाबदारी पूर्ण करतात.

टायर बंद भट्टीत तापवून तेल काढण्याच्या पद्धतीला पायरोलिसिस म्हणतात. त्यासाठी टाकाऊ टायर आयात करायला या नियमांनी बंदी घातली.

चुरा वापरणं सुरक्षित आहे का?

चुरा कुठे आणि कसा वापरला, यावर ते अवलंबून आहे. मॅटमध्ये तो रबरात बांधलेला असतो. कृत्रिम गवताच्या मैदानावर मात्र तो सुटा पसरतात. तिथून तो माती-पाण्यात जातो. म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवरच्या नियमात अशा सुट्या चुऱ्याची विक्री ८ वर्षांनी बंद करायचं ठरवलं.

पण टायर उघड्यावर जाळणं याहून कितीतरी वाईट. त्या धुरात सल्फर डायऑक्साइड आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. नुसता पडून राहिलेला टायरही निरुपद्रवी नाही. त्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढतात.

मॅट घेताना काय पाहाल?

जुनं रबर वापरलंय म्हणून मॅट वाईट ठरत नाही. प्रश्न चुऱ्याच्या प्रमाणाचा आणि तो किती घट्ट बांधला गेलाय याचा असतो. मॅटचा कोपरा पूर्ण दुमडून पाहा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर बांधणी कच्ची आहे. पृष्ठभाग नखाने खरवडून पाहा. दाणे सुटत असतील तर ते उद्या गोठ्यात आणि शेणखतात जातील. जाडी आणि वजन दोन्ही विचारा, बिलावर वॉरंटी लिहून घ्या. स्वस्त मॅट सहा महिन्यांत फाटली, तर गायीचा पाय घसरण्याचा धोका आणि नव्या मॅटचा खर्च, दोन्ही शेतकऱ्याच्याच वाट्याला येतात.

आणि जुना टायर विकताना तो भट्टीत जाणार की पुनर्वापराला, हे भंगारवाल्याला एकदा नक्की विचारा.