शांत जमिनीचीही मोजणी हवी

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. हे मँगनीज 'सौसर समूह' नावाच्या खडकांत सापडते. शंभर कोटी वर्षांहून जुने हे खडक एका पर्वतरांगेच्या मुळाशी दबले, तापले, त्यांना घड्या पडल्या. वरचा पर्वत पुढे झिजून गेला, पण त्या काळी भूकवचात पडलेले भ्रंश खाली तसेच राहिले. सौसर पट्ट्याच्या दक्षिण कडेने 'मध्य भारतीय कर्तन पट्टा' जातो. त्याच्या दक्षिणेकडच्या प्राचीन भूखंडाला भूवैज्ञानिक 'भंडारा क्रेटन' म्हणतात.

भ्रंश जुना असला म्हणजे निजलेलाच राहील, असे नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली, आणि तो भाग तर स्थिर समजला जात होता.

मग जमीन हलते का, हे कळावे कसे? रडार उपग्रह जमिनीवर सूक्ष्मतरंग सोडतो आणि परतलेला तरंग नोंदवतो. काही दिवसांनी त्याच कक्षेतून तो पुन्हा तीच नोंद घेतो. मधल्या काळात जमीन खचली किंवा उचलली गेली असेल, तर तरंगाची कला (फेज) बदलते. दोन नोंदींतल्या या फरकावरून सेंटिमीटरहूनही लहान हालचाल काढता येते. १९९२ च्या कॅलिफोर्नियातील लँडर्स भूकंपाने या पद्धतीची ताकद जगाला दिसली. किल्लारीच्या भूकंपात सरकलेली जमीनही पुढे जुन्या रडार नोंदींवरून अभ्यासली गेली.

भंडाऱ्यात अडचण हिरवाईची आहे. धानाच्या बांध्या हंगामागणिक रूप पालटतात, कोक्याच्या जंगलात पाने गळतात आणि फुटतात. आखूड तरंग पानांवरूनच परततो, त्यामुळे दोन नोंदी जुळत नाहीत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या 'निसार' या इस्रो आणि नासाच्या उपग्रहाचा एक तरंग २४ सेंटिमीटरचा आहे. तो झाडोऱ्यातून बराच खाली पोचतो, आणि उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच जागी येतो.

तरीही घाई चालणार नाही. हिमालयात भूखंड वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दाबले जातात. आपल्याकडे हालचाल असलीच, तर ती मिलिमीटरच्या अंशात असेल, आणि पावसाळी हवेतला ओलावाही मोजमाप बिघडवतो. म्हणून अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात, आणि उघड्या खडकावर पक्की बसवलेली जीपीएस केंद्रे त्यांच्या जोडीला हवीत. एवढ्या मोजणीअंती 'इथे काही हलत नाही' असे उत्तर आले, तरी ते मोलाचे ठरेल: आज आपण जमीन शांत आहे असे मानतो, तेव्हा ते आकड्याने सांगता येईल. निसारच्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. विदर्भातल्या भूगर्भशास्त्र विभागांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम आतापासूनच अंगावर घ्यावे.