रत्नागिरीचा खेळाडू नेमका कोणत्या विभागाचा?

रत्नागिरीतला अकरावी-बारावीचा फुटबॉलपटू शालेय स्पर्धेत जिल्हा जिंकला की कोल्हापूर विभागात खेळायला जातो. तोच मुलगा पुढे त्याच आवारातल्या वरिष्ठ महाविद्यालयात बी.ए.ला बसला की मुंबई विद्यापीठाचा खेळाडू ठरतो. शिवाय तो क्रिकेट खेळत असेल, तर त्या खेळात त्याची वाट पुण्याला जाते. एकाच मुलाचे असे तीन नकाशे आहेत. पालकांना आणि कित्येकदा शिक्षकांनाही ते नीट ठाऊक नसतात. नुकसान होतं ते मुलांचं, म्हणून हे सविस्तर सांगावंसं वाटतं.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा, की रत्नागिरी कोकणात आणि कोकण मुंबईकडे, म्हणजे खेळातही आपण मुंबईचेच. महसूल खात्यापुरतं हे बरोबर आहे. कोकण विभागाचं आयुक्तालय नवी मुंबईत आहे आणि रत्नागिरी त्याच्याच अखत्यारीत येते. पण राज्याचे महसुली विभाग सहा आणि शालेय क्रीडा स्पर्धांचे विभाग आठ. या आठांपैकी कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या जोडीने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठीही हे दोन जिल्हे कोल्हापूर मंडळातच होते. 2012च्या परीक्षेपासून कोकण मंडळ वेगळं झालं. मंडळ बदललं म्हणजे खेळाचा विभागही बदलला असं अनेकांनी गृहीत धरलं. तसं झालेलं नाही.

याचा मैदानावरचा अर्थ समजून घ्यायला हवा. फुटबॉलमध्ये रत्नागिरीच्या मुलांपुढे विभागातच कोल्हापूर उभं राहतं. तिथे पेठापेठांत तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांनाही गर्दी लोटते. त्यात महापालिका क्षेत्राचा संघ जिल्ह्यापासून वेगळा धरला जातो, त्यामुळे कोल्हापूरचं आव्हान दुहेरी होतं. विभागात पहिल्याच फेरीत हरून परतलेल्या मुलांना कमी लेखण्याआधी त्यांच्यासमोर कोण होतं हे पाहावं. उलट बाजूही आहे: शाळकरी वयात इतक्या तयारीच्या संघाशी खेळायला मिळणं ही शिदोरी आहे, आणि ती आपण वापरत नाही.

क्रिकेटचा घोळ आणखी जुना. महाराष्ट्र या एका राज्याचे रणजी करंडकात तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे येतो. मुंबईच्या मैदानांवर रत्नागिरीची आडनावं कितीही दिसोत, जिल्ह्याच्या संघातून वर जाणाऱ्या मुलाची निवड महाराष्ट्राच्या संघासाठीच होते. एका संघटनेकडून दुसरीकडे जायचं तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. केवळ मुंबईत काकांकडे राहायला गेल्याने मुलगा मुंबईचा खेळाडू होत नाही.

इथेच ‘रत्नागिरी जेट्स’बद्दलही सांगायला हवं. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये या संघाने 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली आणि जिल्ह्याला आनंद झाला, तो रास्तच होता. पण हा जिल्ह्याचा निवडलेला संघ नाही. तो खाजगी मालकीचा आहे आणि त्याचे खेळाडू लिलावातून येतात. जेट्समध्ये जागा मिळाली म्हणजे जिल्ह्याच्या संघात निवड झाली असं नाही, आणि जिल्ह्याकडून खेळल्याने जेट्सची दारं आपोआप उघडतात असंही नाही.

विभागांच्या रेषा कायमच्या असतात, असंही लोक धरून चालतात. रणजी करंडक 1934-35मध्ये सुरू झाला तेव्हा देशाचे चार विभाग होते. मध्य विभाग पन्नाशीच्या दशकात आला. पुढे अनेक दशकं प्राथमिक सामने विभागातच व्हायचे, त्यामुळे मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र एकमेकांशीच झुंजत राहिले आणि पश्चिम विभागातून वर येणं हीच मोठी परीक्षा असायची. 2002-03पासून विभाग मोडून ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ अशी गुणवत्तेवर आधारलेली रचना आली. 2018-19मध्ये बिहार, उत्तराखंड, पुद्दुचेरी आणि ईशान्येकडची राज्यं आली आणि संघ 37 झाले. भूगोल तरीही कुठे कुठे शिल्लक आहे. दुलीप करंडकात मुंबई-पुणे पश्चिम विभागात असतात, तर नागपूरचा विदर्भ मध्य विभागात. राज्य एक, विभाग दोन. या विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला आहे. कोणत्या विभागात टाकलं यावर संघाची उंची ठरत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बातम्या पाहणारे तरुण विचारतात, आपली महाविद्यालयं तिकडच्यासारखे गट का बदलत नाहीत? तिथे गट म्हणजे विद्यापीठांनी आपसात केलेली युती असते आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे तिला खेचतात. 2024मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं मध्य-पश्चिमेतल्या ‘बिग टेन’मध्ये गेली आणि त्या गटाचे सदस्य अठरा झाले. पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात दाखल झालं. ‘पॅक-12’मध्ये त्या मोसमात दोनच विद्यापीठं उरली. आपल्याकडे विद्यापीठाला असा गट निवडता येत नाही. भारतीय विश्वविद्यालय संघ देशाचे चार विभाग पाडतो आणि मुंबई विद्यापीठ पश्चिम विभागात राहतं. फुटबॉलसारख्या सांघिक खेळांत विभागातले पहिले संघ आंतरविभागीय स्पर्धेला जातात. यात टीव्हीचा पैसा नाही, हे खेळाडूंच्या दृष्टीने बरंच आहे. निदान मंगळवारच्या सामन्यासाठी कोणाला अर्धा देश ओलांडावा लागत नाही.

स्वतंत्र कोकण विद्यापीठ झालं की खेळाचे सगळे प्रश्न सुटतील, असा एक आशावादही आहे. मागणी जुनी आहे आणि तिला आधार आहे. सोलापूरचं विद्यापीठ 2004मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळं झालं आणि त्या जिल्ह्याच्या मुलांना स्वतःच्या विद्यापीठाचा संघ मिळाला. कोकणातही जागा वाढतील, निवड चाचणीसाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागणार नाही. पण मुंबई-ठाण्याच्या कसलेल्या खेळाडूंबरोबरचा सराव जाईल आणि मैदानं, प्रशिक्षक, प्रवासखर्च हे सगळं नव्याने उभं करावं लागेल. मला वेगळं विद्यापीठ हवं आहे, मात्र मैदानाच्या तरतुदीसकट.

तोवर एक गोष्ट हातात आहे: आपलं महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचं, हे आधी पाहणं. रत्नागिरीत वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा मुलगा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असतो, लोणेरेशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयातला तिथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा, आणि दापोलीत शेती शिकणारा कृषी विद्यापीठाचा. बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना शुल्काबरोबर एवढंही विचारा: महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचं आहे, आणि माझ्या खेळाचा संघ ते विद्यापीठ उतरवतं का? शाळेत असाल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नावनोंदणीची मुदत पावसाळ्यातच विचारून ठेवा.