उड्डाणापूर्वींची तपासणी

मनुष्य स्वतःच्या हातानें विमान बांधून त्यांत बसतो, हें पुष्कळांना कादंबरींतील वर्णन वाटेल. परंतु मुंबईस कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं सहा आसनांचें विमान खरोखरीच बांधलें. २०१६ सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें, २०१७ सालीं त्याची नोंदणी झाली, २०१९ सालीं परवानगी मिळाली आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवर चांचणीचें उड्डाण झालें. हा विलंब जाचक खरा. तथापि तपासणीचा एवढा आग्रह कां, हें मागील अपघात पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

१९३३ सालीं फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनीं एक चिमुकलें विमान उडविलें. त्याचें नांव ‘आकाशांतील ऊ’! सामान्य मनुष्यासहि तें घरीं बांधतां यावें म्हणून त्यांनीं पुस्तक लिहिलें, आणि फ्रान्स व इंग्लंडांत हौशी लोकांची एकच झुंबड उडाली. पुढें प्राणघातक अपघात होऊं लागले. वायुबोगद्यांत परीक्षा केली तेव्हां दिसून आलें कीं, नाक एका मर्यादेपलीकडे झुकलें म्हणजे पुढील पंखावरून येणारी हवा मागच्या पंखासच अधिक उचलून धरी. चालक दांडा जितका ओढी तितकें विमान खालीं जाई. येथें दोष बांधणाराच्या सुतारकामांत नव्हता, आराखड्यांत होता.

उलट, ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें विमान निष्णात चालकाच्या हातून कोसळलें व दोघे दगावले. विमान उभें असतां वाऱ्यानें शेपटीवरील फळ्या हलूं नयेत म्हणून घातलेली खीळ काढावयाची राहून गेली होती. यानंतर वैमानिकांच्या हातीं छापील यादी आली.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजीं प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर घरगुती बांधणीच्या विमानांतून समुद्रांत पडून मृत्यू पावले. मूळ बांधणारानें पेट्रोलाची तोटी चालकाच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती. ती फिरविण्यास मान वळवावी लागे. त्यांत निघतांना पेट्रोल थोडें, आणि अधिक घेण्याचें त्यांनीं नाकारलेलें.

तपासणी करावयाची ती अशी. टाकींतील पेट्रोल कांट्यावर न विसंबतां प्रत्यक्ष पाहावें. पाणी पेट्रोलाहून जड असल्यानें तळाशीं बसतें, म्हणून तळाचें थोडें पेट्रोल कांचेच्या भांड्यांत काढून पाहावें. दांडा डावीकडे केला असतां पंखावरील फळी योग्य बाजूसच उठते ना, हें डोळ्यांनीं पाहावें. दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या गेल्याचीं उदाहरणें आहेत. वेग मोजण्याच्या नळींत आपली ओळखीची कुंभारमाशी घर करते, तेंहि पाहावें.

वऱ्हाडांत आणखी एक गोष्ट आहे. एप्रिल २०२५ मध्यें अमरावतीजवळील बेलोरा येथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, आणि अकोल्यास शिवणीची धावपट्टी आहेच. येथील वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते. पंखास उचल कमी, इंजिनास बळ कमी, आणि धांव लांब. ही लांबी ओझें व उष्णता यांवरून कोष्टकांत काढतात. लहान विमानास ती पुरत नसेल, तर ओझें उतरवितात किंवा उड्डाण दुसऱ्या दिवशीं पहांटे करतात.