जांभई आणि फलटणचा उन्हाळा

जांभईत जबडा ताणून उघडतो, हवा खोलवर ओढली जाते, क्षणभर ऐकू कमी येते, डोळ्यांत पाणी तरळते आणि श्वास सुटतो. माणसाला याला सरासरी ६ सेकंद लागतात. हे शिकवावे लागत नाही. गर्भसुद्धा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस जांभया देऊ लागतो. आयुर्वेदाने जृंभेला, म्हणजे जांभईला, न अडवण्याच्या १३ वेगांत बसवले आहे, तर घरची मंडळी तोंडापुढे चुटकी वाजवून मोकळी होतात.

प्राणवायू कमी पडला की जांभई येते, हे उत्तर शाळेपासून पाठ असते. १९८७ मध्ये संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी ते तपासले. शुद्ध प्राणवायू दिला तरी जांभया घटल्या नाहीत, कार्बन डायऑक्साइड वाढवला तरी वाढल्या नाहीत. वाढला तो फक्त श्वासाचा वेग.

दुसरे एक संशोधक अँड्र्यू गॅलप यांच्या मते जांभई तापलेला मेंदू गार करते : जबड्याच्या ताणाने रक्ताचा ओघ वाढतो, आत येणारी हवा उष्णता घेते. अमेरिकेतील टूसॉन या वाळवंटी शहरात त्यांनी १६० पादचाऱ्यांना जांभईची चित्रे दाखवली. हिवाळ्यात, २२ अंशांना, ४५ टक्के लोकांनी जांभई दिली. उन्हाळ्यात, ३७ अंशांना, २४ टक्क्यांनी. थंड हवेच्या व्हिएन्नात उलट घडले, तिथे उन्हाळ्यात जांभया जास्त. हवा अंगाइतकीच तापली तर ती आत घेऊन उपयोग नाही, आणि फार थंडीत गरजच नाही. हा नियम धरला तर पारा चाळिशीला टेकणाऱ्या फलटणच्या मे महिन्यात, भर दुपारी पारावर बसलेल्यांना जांभया कमी यायला हव्यात. जेवणानंतरची सुस्ती हा हिशेब बिघडवते, ते वेगळे. मेंदूचे तापमान उतरते ते अगदी थोडे, म्हणून सगळे शास्त्रज्ञ या मताशी सहमत नाहीत.

जांभई माणसापुरती नाही. २०२१ मध्ये शंभराहून अधिक प्रजातींच्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या जांभया मोजल्या गेल्या; मेंदू जितका मोठा, तितकी जांभई लांब. नर बबून मात्र सुळे दाखवून धाक घालायलाही जांभई देतो.

एकाची पाहून दुसऱ्याला येणारी जांभई निराळी. तान्ह्या बाळांना ती लागत नाही, साधारण चार-पाच वर्षांनंतर लागते. परक्यापेक्षा घरच्यांची लवकर. कुत्र्याला धन्याची जांभई लागते. माण-फलटणच्या धनगरांना आपल्या कळपात पाहता येईल अशी गोष्ट जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये नोंदवली : मेंढीची जांभई मेंढीला लागते. दक्षिण आफ्रिकेत तर एकाची जांभई लागलेला सिंह त्याच्याच मागोमाग उठून चालू लागताना दिसला.