भाताच्या दाण्यात जमिनीचा हिशेब

कल्याण-कसारा लोहमार्गावरील खडवली हे भातसा नदीकाठचे गाव. पावसाळ्यात परिसरातील भातखाचरे पाण्याने भरून जातात. भुसार व्यापारी तांदूळ पारखताना दाण्याची लांबी, सुवास, कणीचे प्रमाण आणि जुनेपणा पाहतो. दाण्यात कॅडमियम किंवा आर्सेनिक उतरले आहे काय, हे मात्र नजरेला दिसत नाही की जिभेला कळत नाही. ते ठरते खाचरातील माती आणि पाणी यांवर.

जमिनीतील जड धातूंची स्थिती व्यापारातील भांडवलासारखी असते. काही अडकलेले, काही खेळते. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला धातू पिकाला मिळत नाही. पाण्यात विरघळलेला मुळांवाटे दाण्यापर्यंत पोहोचतो. जमीन आम्लधर्मी असली की कॅडमियम मोकळे होते, आणि अतिवृष्टीमुळे कोकणातील बऱ्याच जमिनी आम्लधर्मीच आहेत. खाचरात पाणी साचलेले असताना कॅडमियम गंधकाशी बांधले जाते. पाऊस ओसरून दाणा भरतेवेळी खाचर सुकले, तर ते पुन्हा सुटते. आर्सेनिकचे वागणे नेमके उलट. साचलेल्या पाण्यात लोहाचे थर विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेले आर्सेनिक मोकळे होते. म्हणून एकाच उपायाने दोन्ही संकटे टळत नाहीत.

दुर्लक्षाची किंमत जपानने मोजली आहे. तोयामा प्रांतात जिंझू नदीचे, खाणीतील कॅडमियमने दूषित झालेले पाणी भातशेतीत गेले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. वेदनेच्या विव्हळण्यावरूनच त्या व्याधीला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. 1968 मध्ये जपान सरकारने तिला प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली.

उपाय सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहेत. माती तपासून योग्य प्रमाणात चुना दिल्यास आम्लता घटते. कुजलेले शेणखत कॅडमियम धरून ठेवते. कॅडमियमची शंका असलेल्या खाचरात निसवणीच्या आगेमागे काही आठवडे पाणी राखावे. आर्सेनिकची शंका असल्यास अधूनमधून पाणी काढावे. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू व सेंद्रिय कर्ब यांसह बारा घटकांची नोंद असते, परंतु कॅडमियम व आर्सेनिक त्यांत नाहीत. कारखान्याचे सांडपाणी पोहोचते अशा शेतासाठी ती तपासणी प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.

पॉलिश केलेल्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा किलोमागे कॅडमियम 0.4 मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिक 0.2 मिलिग्रॅम इतकी आहे. उत्तम मालाची पारख गोदामात होते हे खरे. त्याच्या शुद्धतेचा पाया मात्र बांधाच्या आतच घातला जातो.