विश्वास आणि खात्री

उधारी मागताना कोणी म्हणाले, “आमच्यावर विश्वास नाही का?” की दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते, “विश्वास तर पानिपतात गेला!” चार माणसे हसतात, मागणारा ओशाळतो. हा विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. १४ जानेवारी १७६१ रोजी ते पानिपतावर पडले आणि त्यांचे नाव असे कोटीला लागले.

मानण्याचे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. श्रद्धा देवावर, संतांवर. तिला कोणी पावती मागत नाही. विश्वास माणसावर. पत ही व्यवहारातली. म्हणून पतपेढी असते, श्रद्धापेढी नसते. इमान हा मूळचा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ धर्मश्रद्धा. आपल्याकडे आल्यावर तो प्रामाणिकपणा झाला आणि ‘इमानेइतबारे’ चाकरी करू लागला. भाव तर देवळातही असतो आणि बाजारातही. देवळातला आपल्या हाती असतो, बाजारातला नसतो, एवढाच फरक!

राहिली खात्री. हा शब्द अरबी ‘खातिर’वरून आला, खातिर म्हणजे मन. मनाचे समाधान होईपर्यंत पाहणे, ती खातरजमा. नेमकी हीच आपण भिडेपोटी टाळतो. ओळखीच्या दुकानदाराला “बिल द्या” म्हणताना जीभ अडखळते. त्याला वाटेल, आपला विश्वास नाही!

२०२०च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. दुबार पेरणीचे दुःख ज्याच्या घरी आले त्यालाच ठाऊक. अशा वेळी पावती नसेल तर तक्रार कशाच्या आधारावर करायची?

पिशवीवरचे शब्दही नीट वाचावेत. प्रमाणित बियाण्याला प्रमाणीकरण यंत्रणेचे निळे लेबल असते. ‘सत्यप्रत’ बियाण्याचे लेबल हिरवे. त्यावरची उगवणशक्ती विकणाऱ्यानेच लिहिलेली असते. लिहिल्याप्रमाणे माल देण्याची जबाबदारीही त्याचीच. ‘सत्य’ शब्द वाचून सरकारी शिक्का समजू नये.

घरचे सोयाबीन असो की विकतचे, खात्री करायला एक गोणपाट पुरते. पूर्वी बियाण्याची कणगी घरातल्या बायाच सांभाळत. हे कामही त्यांच्याच हातून चोख होते. पोत्यातल्या वरच्या, मधल्या, खालच्या थरातून दाणे घ्यावेत आणि न निवडता शंभर मोजावेत. आपण टपोरे तेवढे उचलतो आणि स्वतःलाच फसवतो! ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळावे, सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे. सातव्या दिवशी उघडून निरोगी मोड तेवढे मोजावेत. सत्तर किंवा अधिक भरले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. थोडे कमी भरले तर एकरी बियाणे वाढवावे. फारच कमी असतील तर ते बियाणे पेरू नये. सोयाबीनचे टरफल पातळ असते. चांगले बियाणेही पोते आपटल्याने बिघडते, तेव्हा उतरवताना हमालाला अवश्य सांगावे.

पेरताना पिशवी खालच्या बाजूने फोडावी म्हणजे लेबल शाबूत राहते. ओंजळभर बियाणे, लेबल आणि पावती त्याच पिशवीत घालून ती आढ्याला टांगावी. पीक घरात येईपर्यंत काढू नये.